गाडी कशावर उभी आहे?

मित्रांनो, आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की दंड भरावा लागायचा. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय मला इंग्रजीत लिहिताच आला नसता. कारण तो मी क्लासरूममध्ये नाही, मामांच्या गॅरेजमध्ये शिकले.

मामांचं गॅरेज कराडच्या अलीकडं, हायवेपासून जरा आत आहे. मामांच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. लहानपणी मी विचारायचे, तेव्हा ते "जॅक सरकला" एवढंच म्हणायचे. सगळी गोष्ट मला गेल्या वर्षी कळली. अँबॅसिडर बॉटल जॅकवर घेतलेली होती, घोडी पलीकडं भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि काम "दोन मिनिटांचं". घोडी आणायला वीस पावलं चालायचा कंटाळा केला, एवढीच चूक. तेव्हापासून गॅरेजमध्ये कुणीही गाडीखाली शिरायला लागलं की मामा एकच प्रश्न विचारतात, "गाडी कशावर उभी हाय?"

या प्रश्नाचं उत्तर "जॅकवर" असेल तर त्या माणसाला आत जाता येत नाही. मागच्या वर्षी मामांनी टू-पोस्ट लिफ्ट घेतली, आणि हाच प्रश्न आम्हाला पार जमिनीच्या खालपर्यंत घेऊन गेला. त्याचीच ही हकिगत.

लिफ्ट म्हणजे काय?

बिल्डिंगमधली लिफ्ट नव्हे! गॅरेजमधली टू-पोस्ट लिफ्ट म्हणजे दोन पोलादी खांब, प्रत्येक खांबावर वर-खाली सरकणारं एक कॅरेज, आणि कॅरेजला दोन-दोन हात. चार हातांची रबरी पॅडं गाडीच्या खाली ठरलेल्या चार जागी लावायची आणि गाडी डोक्यावर उचलायची. चारही चाकं मोकळी लटकतात, त्यामुळं ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, सायलेन्सर, सगळं उभ्यानं करता येतं.

अमेरिकेत मेम्फिस इथं पीटर लुनाटी यांनी १९२५ साली पहिली हायड्रॉलिक लिफ्ट बनवली, आणि ती कल्पना त्यांना न्हाव्याच्या खुर्चीवरून सुचली असं सांगतात. त्याआधी आणि आपल्याकडं अनेक ठिकाणी अजूनही मेकॅनिकचा आधार म्हणजे खड्डा. खड्ड्यात वर बघून मान मोडते हे एक, पण खरा धोका वेगळाच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली खड्ड्यात साठते, आणि एका ठिणगीची वाट बघत बसते. म्हणून लिफ्ट ही चैन नाही. पण ती चुकीची बसवली, तर खड्डा परवडला म्हणायची वेळ येते.

पहिला प्रश्न: खांब कशावर उभा आहे?

लिफ्ट ट्रकमधून उतरली तेव्हा दसऱ्याला तीन आठवडे होते. मामांचा बेत असा की खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेबरोबर लिफ्टची पूजा करायची, आणि दसऱ्याला पहिली गाडी वर घ्यायची. पेढ्यांची ऑर्डरही देऊन झाली होती. गवंडीकाका म्हणाले, "फरशी चांगली घट हाय, ठोकून टाकू बोल्ट."

फरशी म्हणजे शहाबादी, खाली कोबा. मी सुट्टीत आले होते आणि मॅन्युअल वाचायचं काम माझ्याकडं होतं. (घरात इंजिनिअर असल्याचा एवढाच फायदा!) अशा लिफ्टच्या मॅन्युअलमध्ये साधारण चार ते सहा इंच, कधी त्याहून जाड, तडे नसलेलं काँक्रीट मागितलेलं असतं. नेमका आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा, म्हणून स्वतःच्या मशीनचं मॅन्युअल वाचायलाच हवं. मी म्हटलं, "मामा, एक भोक पाडून बघू." हॅमर ड्रिल लावलं. अडीच इंचावर ते एकदम सैल झालं आणि बिटाबरोबर लाल मुरूम वर आला. म्हणजे फरशी, कोबा सगळं धरून अडीच इंच! त्याखाली मुरमाचा पातळ थर, आणि त्याखाली आपली काळी माती, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

एवढं जाड काँक्रीट का लागतं? थोडी आकडेमोड करू. घाबरू नका, फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधलीच आहे.

गाडी १५०० किलोची धरा. प्रत्येक खांबावर ७५० किलो आले. पण हे वजन खांबाच्या डोक्यावर नसतं, ते पुढं आलेल्या हातांवर असतं. खांबाखालच्या पोलादी प्लेटची गाडीकडची कड आणि वजनाची जागा यांत अर्धा मीटर अंतर धरू. म्हणजे खांब गाडीच्या बाजूला आत झुकू बघतो आणि प्लेटची बाहेरची बाजू जमिनीतून उचकटू बघते. तिला धरून ठेवतात ते बाहेरचे दोन बोल्ट. ते त्या आतल्या कडेपासून ३५ सेंटिमीटरवर आहेत असं समजा. मोमेंट घेतला की ७५० गुणिले ०.५, भागिले ०.३५, म्हणजे सुमारे १०७० किलो. खांबाचं स्वतःचं वजन आपण सोडून दिलंय, त्यानं हा आकडा थोडा कमी होईल. तरी प्रत्येक बोल्टाला अर्ध्या टनाच्या आसपास ओढ बसते. सिमेंटची दहा पोती एका बोल्टाला टांगल्यासारखी! आणि ही झाली शांत उभी गाडी. एखादा गंजलेला बॉल जॉइंट सोडवायला मेकॅनिक पान्याला पाइप लावून झटका देतो, तेव्हा काय होत असेल बघा.

आता हा बोल्ट निसटतो कसा? तो एकटा सरळ बाहेर येत नाही. आपल्याभोवतीचं काँक्रीट उलट्या शंकूच्या आकारात उपटून घेऊन येतो. शंकूचा वरचा व्यास साधारण बोल्टाच्या खोलीच्या तिप्पट. म्हणून बोल्ट चार इंच खोल असेल तर त्याच्या भोवतीचं फूटभर काँक्रीट कामाला लागतं. त्या फुटात तडा असेल, जॉइंट असेल किंवा काँक्रीटची कड असेल, तर शंकू अर्धवट होतो. आणि खोली निम्मी केली तर ताकद निम्मी होत नाही, जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. आमच्या अडीच इंचात तर शंकूला जागाच नव्हती.

अठ्ठावीस दिवस

मामांनी भोकातला मुरूम बोटावर घेऊन बघितला आणि म्हणाले, "फोडा." फरशी काढली, काळी माती दीड-दोन फूट खणून बाहेर टाकली, मुरूम थराथरानं भरून धुम्मसानं ठोकला, लोखंडी जाळी टाकली आणि दोन्ही खांबांखाली सलग एकच फूटभर जाड एम-२५चा स्लॅब ओतला. वेगळेवेगळे दोन चौथरे केले असते तर एक बसला आणि एक राहिला, असं होऊ शकलं असतं.

या सगळ्यात आठवडा गेला. आता दसऱ्याला उरले बारा-तेरा दिवस, आणि खरी अडचण इथं सुरू झाली. एम-२५ म्हणजे २८ दिवसांनी प्रति चौरस मिलिमीटर २५ न्यूटन ताकद. सातव्या दिवशी साधारण दोन-तृतीयांशच आलेली असते, आणि आजकालच्या फ्लाय ॲशवाल्या सिमेंटला तर आणखी वेळ लागतो. आयएस ४५६ सांगतं की साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि अशा मिश्र सिमेंटला निदान दहा दिवस ओलावा ठेवा. म्हणजे पाणी मारायचं ते वरून टणक दिसेपर्यंत नाही, दिवस मोजून.

गवंडीकाका म्हणाले, "आठ दिवसांत दगड व्हतंय." लिफ्ट बसवणारा माणूसही यायला तयार होता. मी म्हटलं, "मामा, अठ्ठावीस." मामा काहीच बोलले नाहीत. सगळ्या गावाला आवतण गेलं होतं. मला वाटलं, आता माझं कोण ऐकतंय! व्हायवाला बाहेरच्या परीक्षकासमोर बसल्यावर होतं तसं पोटात झालं.

खंडेनवमीला सकाळी गॅरेजमध्ये गेले तर मामांनी पाने, जॅक, वेल्डिंग मशीन ओळीनं मांडलं होतं. त्या ओळीच्या शेवटी लिफ्टचे दोन्ही खांब जमिनीवर आडवेच, प्लास्टिकच्या वेष्टणात, वर झेंडूचा हार. पाहुणे विचारत होते, "अजून उभी न्हाई केली?" मामा पेढा पुढं करत सांगत होते, "जमीन अजून कच्ची हाय. भाची म्हणती थांबा." पुढचे पंधरा दिवस हेल्पर पोरगा रोज सकाळी स्लॅबवरची पोती भिजवत होता आणि मला फोन करून विचारत होता, "ताई, आज कितवा दिवस?"

दुसरा प्रश्न: बोल्ट कशाला धरून आहे?

दिवाळीच्या तोंडावर लिफ्ट उभी केली. इथं माझी स्वतःची एक चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही.

अँकर बोल्टाचं भोक पाडलं की आत काँक्रीटची पीठासारखी धूळ राहते. बोल्टाची खालची बाही फुगून काँक्रीटला घट्ट धरते, तेव्हा मध्ये ही धूळ असेल तर ती धुळीला धरते, काँक्रीटला नाही. ब्लोअरनं भोक साफ करायचं काम माझं होतं. पहिल्या भोकात मी एकदाच हवा मारली आणि बोल्ट ठोकला. टॉर्क रेंचवर आमच्या मॅन्युअलप्रमाणे १५० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २०० न्यूटन-मीटर लावले होते. मीटरभर पाइपच्या टोकाला वीस किलोचा जोर दिल्यासारखा ताण. रेंच "टक" वाजायला पाहिजे. तो वाजेचना. नट नुसता फिरत राहिला आणि बोल्ट हळूहळू वर येत राहिला.

मी अजून जोर लावणार होते. मामांनी हात धरला. "त्यो घट होत न्हाई, निसटतुया." पहिलाच बोल्ट होता म्हणून निभावलं. बसवणाऱ्या माणसानं मॅन्युअलमधलं दोन भोकांतलं अंतर बघून दोन्ही खांबांची जागा सरकवली, जुनं भोक ग्राउटनं भरलं आणि पुन्हा सुरुवात केली. अर्धा दिवस गेला. या वेळी प्रत्येक भोक मी ब्रशनं आणि हवेनं तीन-तीनदा साफ केलं, डोळ्यांवर गॉगल लावून.

बसवताना लक्षात ठेवायच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात:

१. छताची उंची आधी मोजा. बोलेरोसारखी गाडी जवळजवळ एकोणीसशे मिलिमीटर उंच. ती माणसाच्या डोक्यावर गेली की टप पत्र्याच्या अँगलला किंवा पंख्याला लागायला नको.

२. खांब ओळंब्यात हवा. खाली पट्ट्या घालून लेव्हल करता येते, पण किती जाडीपर्यंत चालेल ते मॅन्युअल सांगतं. पट्ट्यांचा मनोरा करू नका.

३. मोटरला वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग. गॅरेजची जमीन ओली आणि तेलकट असते.

४. आधी रिकामी लिफ्ट बऱ्याच वेळा वर-खाली करा. सिलिंडरमधली हवा निघून जाते. दोन्ही बाजूंच्या लॉकचा "खट" एकाच वेळी ऐकू यायला हवा. मागंपुढं आला तर दोन बाजूंना जोडणाऱ्या वायर रोपचा ताण सारखा नाही.

५. काही दिवस वापरल्यावर सगळ्या बोल्टांचा टॉर्क पुन्हा तपासा, आणि पुढं मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीनं तपासत राहा.

तिसरा प्रश्न: वर गेलेली गाडी कशावर उभी आहे?

हा प्रश्न मी हॉस्टेलवर दहा जणांना विचारला. दहाच्या दहा म्हणाले, "हायड्रॉलिक ऑइलवर." आपण पास्कलचा नियम पाठ केलेला असतो ना! पण बरोबर उत्तर आहे, "लॉकवर."

तेल फक्त उचलतं. पाइप फुटू शकतो, सील गळू शकतं, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकू शकतो. म्हणून खांबाच्या आत ठरावीक अंतरावर पोलादी खाचा असतात. कॅरेज वर जाताना लॉकचा खटका प्रत्येक खाचेवरून खट्‌ खट्‌ करत जातो. हव्या त्या उंचीच्या किंचित वर गाडी न्यायची, मग थोडी खाली सोडून दोन्ही बाजूंनी खाचेवर टेकवायची. आता पोलाद पोलादावर बसलं. यानंतरच खाली जायचं. खटक्याचे आवाज ऐकले म्हणजे गाडी लॉकवर बसली असं नाही. ती टेकवावी लागते.

एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) मी बघितलंय, खटका वायरनं बांधून उघडा ठेवलेला. का? तर उतरवताना प्रत्येक वेळी गाडी आधी थोडी वर घ्यावी लागते, तेवढी दहा सेकंदं वाचतात. मामांची दोन बोटं अशीच दोन मिनिटं वाचवण्यात गेली.

गाडी वर घेताना

आधी वजन. लिफ्टवर लिहिलेली क्षमता चारही हातांची मिळून असते, एका हाताची नाही. मग वजन कुठं आहे ते. इंजिन पुढं आणि ड्राइव्हही पुढच्या चाकांना असलेल्या गाडीत साधारण साठ टक्के वजन पुढं असतं, म्हणजे तिचा गुरुत्वमध्य ड्रायव्हरच्या सीटच्या आसपास. तो दोन खांबांच्या रेषेजवळ आला पाहिजे. डिकीत शेंगांची पोती असतील तर हिशेब बदलतो. आधी डिकी उघडून बघायची, आणि गाडीत कुणी बसलेलं नाही हेही.

गाडी वर असताना इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवलं तर पुढचं शंभर-दीडशे किलो वजन एकदम जातं आणि गाडी मागं कलू शकते. असं काम असेल तर मागच्या बाजूला उंच स्टँड लावल्याशिवाय बोल्टाला हात लावायचा नाही.

पॅडं कुठं लावायची ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. बहुतेक मोटारींना दारांखालच्या कडेला खुणेच्या खाचा असतात, बोलेरो-स्कॉर्पिओसारख्यांना चेसिसच असते. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी बरोबर मध्ये पोटाखाली असते. पॅड बॅटरीच्या पेटीवर येता कामा नये, नारिंगी केबलवर तर नाहीच. शिवाय अशी गाडी तिच्या पेट्रोलवाल्या बहिणीपेक्षा जड असते हे विसरू नका. जुन्या गाडीची कड गंजलेली असेल तर तिथं भार देऊ नका. पत्रा चुरगळतो आणि गाडी सरकते.

चाकं जमिनीपासून वीतभर उचलली की थांबा. चारही पॅडं बघा, हातांचे लॉक बसलेत का बघा, बंपरला धरून गाडी हलवून बघा. पडायचीच असेल तर वीतभरावरून पडू दे. सगळं ठीक असेल तरच वर न्या.

उतरवताना

मोठ्यानं ओरडा, "खाली घेतोय!" ऑइलचा ट्रे, स्टँड, पाने, चप्पल, सगळं बाजूला. गाडी थोडी वर घ्या, दोन्ही लॉक सुटलेत हे डोळ्यांनी बघा, मग सोडा. एक लॉक अडकून राहिला तर एक बाजू उतरते आणि दुसरी तशीच वर राहते.

लाईट गेली तर? लॉकवरची गाडी उतरवायला ती आधी वर घ्यावी लागते, आणि मोटर तर बंद. काही लिफ्टना हातपंप असतो. नसेल तर गाडी लॉकवर आहे, सुखात आहे. लाईट येईपर्यंत चहा प्या. जॅक लावून उतरवायचा जुगाड करू नका.

आणि गाडी कधी खरंच घसरायला लागली तर तिला धरायला जायचं नाही. पळायचं. म्हणूनच लिफ्टच्या भोवतीची वाट नेहमी मोकळी ठेवायची, टायरचे ढीग लावायचे नाहीत. गाडी पुन्हा मिळते.

रोज सकाळी मामांचा हेल्पर एक फेरी मारतो. वायर रोपची तार तुटली आहे का, खाली तेल सांडलंय का, पॅडाचं रबर फाटलंय का, बोल्टाभोवती काँक्रीटला केसासारखा तडा आलाय का. दोन मिनिटं लागतात. शिवाय वर्षातून एकदा जाणकाराकडून पूर्ण तपासणी. अमेरिकेतल्या लिफ्टच्या मानकात तर वर्षातून निदान एक तपासणी सांगितलेलीच आहे.

आणि आपण?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं कुठं लिफ्ट आहे! बरोबर. आपल्या वर्कशॉपमध्ये बाहाची गाडी सबमिशनच्या आदल्या रात्री विटांवर असते. कधी सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर. खाली दोघं जण झोपून वेल्डिंग करत असतात, आणि तिसरा वर बसून स्टिअरिंग फिरवतो. मीही त्या खाली झोपणाऱ्यांत होते. पोकळ ब्लॉक तडकतो तेव्हा आधी सांगत नाही, वाकून दाखवत नाही. एकदम जातो. मटेरिअल सायन्समध्ये "ब्रिटल फ्रॅक्चर"वर पाच मार्कांचं उत्तर आपण सगळेच लिहितो.

म्हणून सरांना एक विनंती, वर्कशॉपला चार चांगल्या घोड्या मिळाव्यात. लिफ्टच्या किमतीपुढं त्यांची किंमत काहीच नाही. आणि घोड्या आल्या की मित्रांनो, त्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

मामांच्या लिफ्टवर पहिली गाडी चढली ती दिवाळीच्या पाडव्याला. गाडी लॉकवर बसली. हेल्पर पोरगा पाना घेऊन खाली शिरणार, तोच थांबला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, गाडी लॉकवर हाय, लॉक खांबावर हाय, खांब स्लॅबवर हाय. जाऊ का?"

मामा हसले आणि म्हणाले, "जा."

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल